वारा सुटला होता आणि मी पवनचक्क्या थांबवत होतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सौर पॅनेल किती स्वस्त झाली, पवनचक्क्या किती उंच झाल्या यावर आपल्या अंकात बरंच छापून येतं आणि मी ते आवडीने वाचतो. पण ती वीज ज्या तारांमधून जायची, त्या तारांबद्दल चार ओळीही सापडत नाहीत, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे. कापायचं असेल तर शेवटून कापू नका, मागणी तिथे आहे.

मी एकतीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर होतो, त्यातली बरीचशी 220 केव्हीच्या (2,20,000 व्होल्टच्या) यार्डात, तिन्ही पाळ्यांत. समोर लॉगशीट, दर तासाला अँपिअर, व्होल्टेज, मेगावॉट, ट्रान्स्फॉर्मरच्या तेलाचं तापमान लिहायचं. या नोकरीत माणूस हळूहळू कानाने काम करायला लागतो. ट्रान्स्फॉर्मरची गुणगुण जरा जड झाली की मीटरकडे न बघताही लोड वाढल्याचं कळतं.

पवनचक्क्यांच्या पट्ट्यातून आमच्याकडे दोन सर्किट, म्हणजे तारांचे दोन स्वतंत्र संच, यायची. एका वर्षी इन्सुलेटर बदलायच्या कामासाठी त्यातलं एक शटडाउनवर होतं, काम संपायला आणखी दोन दिवस होते. माझी रात्रपाळी. बारानंतर वारा सुटला आणि उरलेल्या सर्किटवरचा लोड चढू लागला. 510, 535, 550. आमच्या तक्त्यात त्या लाइनची मर्यादा 560 अँपिअर लिहिलेली. सव्वादोनच्या सुमाराला भारप्रेषण केंद्रातून (कुठून किती वीज घ्यायची हे ठरवणाऱ्या कार्यालयातून) फोन आला, ‘560च्या वर जाऊ देऊ नका, जनरेशन कमी करायला सांगा.’ मी पलीकडे, पवनचक्क्यांच्या केंद्रात, फोन लावला. तिथल्या मुलाने निमूटपणे दोन फीडर (पवनचक्क्यांची वीज आणणाऱ्या तारा) बंद केले, पण फोन ठेवण्याआधी म्हणाला, ‘साहेब, असा वारा वर्षातून मोजून थोड्या रात्री मिळतो हो.’

नोंद करून मी यार्डात फेरीला निघालो. टॉर्च धरलेला हात गारठत होता, टोपी एका हाताने दाबून धरावी लागत होती. आणि गॅन्ट्रीखाली, तारा बांधायच्या लोखंडी कमानीखाली, उभं राहून वर बघताना एकदम लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. तार तापेल म्हणून मी जनरेशन कमी केलं होतं. पण जो वारा त्या पवनचक्क्या फिरवत होता, तोच वारा ती तार गार करत होता!

हे समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. तारेतून करंट गेला की ती तापते, तापली की लांबते, लांबली की दोन मनोऱ्यांमधला झोळ वाढतो आणि तार जमिनीच्या किंवा झाडाच्या जवळ येते. म्हणून मर्यादा घालतात. ही मर्यादा काढताना हिशेब धरतात तो सगळ्यात वाईट दिवसाचा: रणरणती दुपार, डोक्यावर ऊन आणि वारा सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. सुरक्षिततेसाठी ते योग्यच. पण तोच आकडा मग थंडीतल्या सोसाट्याच्या रात्रीलाही लागू होतो. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन आकडे असले तरी खूप झालं म्हणायचं. त्या रात्रीच्या शीटमध्ये कारणाच्या रकान्यात मी ‘लाइन ओव्हरलोड’ लिहिलं होतं. वाऱ्याचा वेग लिहायला रकानाच नव्हता.

यावरचा उपाय नवा नाही आणि महागही नाही. तारेवरच एक छोटं सेन्सर बसवायचं. ते तारेचं तापमान, कल, कंप असं काहीतरी मोजतं, त्यावरून खरा झोळ किती आणि या घडीला आणखी किती करंट सोसेल ते कळतं. बेल्जियममधली एलिया ही पारेषण कंपनी बरीच वर्षं हे वापरते आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीने ते थेट नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आणलं आहे. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने तर डिसेंबर 2021 मध्ये आदेशच काढला की हंगामी आकडे पुरे झाले, हवेच्या तापमानाप्रमाणे तासातासाची मर्यादा वापरा. वाऱ्याचा हिशेब मात्र त्या आदेशातही सक्तीचा नाही. मला याचं आश्चर्य वाटतं आणि वाटतही नाही.

वाटत नाही, कारण पैशाची गणितं वेगळी चालतात. बहुतेक देशांत तारांच्या कंपनीला परतावा मिळतो तो तिने घातलेल्या भांडवलावर. नवी लाइन उभारली की भांडवल मोठं, परतावा मोठा. जुन्या लाइनवर सेन्सर बसवून तेवढीच वीज नेली की ग्राहकाचं बिल हलकं होतं, पण कंपनीच्या वहीत फारसं काही जमा होत नाही. कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. आपणच तिला तसे नियम करून दिले आहेत. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडची पवनवीज दक्षिणेकडे न्यायला तारा अपुऱ्या पडतात, तेव्हा पवनचक्क्या बंद ठेवण्याचे पैसे दिले जातात आणि दक्षिणेत गॅसवरची केंद्रं चालवण्याचे वेगळे. दोन्ही शेवटी ग्राहकाच्या बिलात. स्वस्त वीज महाग कशी होते, हे विचारणाऱ्याला मी हेच उदाहरण देतो.

सेन्सरच्या पुढची पायरी म्हणजे तारच बदलणे. आमच्या धंद्यात तारांना जनावरांची नावं आहेत: मूज, झेब्रा, पँथर, डॉग, रॅबिट, वीझल. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हसू येतं. या सगळ्या एकाच घराण्यातल्या, मध्ये पोलादाचा पीळ आणि भोवती ॲल्युमिनियम. आता पोलादाऐवजी कार्बन-फायबरचा गाभा असलेल्या तारा मिळतात. गाभा हलका, म्हणून तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियम जास्त बसतं. तापला तरी तो फारसा लांबत नाही, म्हणून झोळ कमी. त्याच मनोऱ्यांवर, त्याच जागेतून जवळपास दुप्पट करंट नेता येतो. नवी जमीन नको, नवे खटले नकोत. टेक्सासच्या दक्षिण टोकाला एका 345 केव्हीच्या लाइनवर तर लाइन जिवंत ठेवूनच तारा बदलल्या. मी लाइनमन लोकांबरोबर आयुष्य काढलं आहे. हे काम करणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडतो.

मात्र दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक, करंट दुप्पट केला की उष्णतेतली गळती चौपट होते. तार चांगली असेल तर त्यातलं थोडं वाचतं, पण हिशेब संपत नाही. ही युक्ती गर्दीच्या तासांसाठी आहे, बारा महिने चोवीस तास कोंबण्यासाठी नाही. दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिलेली. एका लाइनची तार बदलली, समारंभ झाला, फोटो निघाले. दोन महिन्यांनी आम्हाला कळलं की लोड काही वाढवता येत नाही. का? तर लाइनच्या टोकाला उपकेंद्रातले करंट ट्रान्स्फॉर्मर (करंट मोजायचं उपकरण) आणि वेव्हट्रॅप (तारेवरून जाणारे संदेश अडवणारी गुंडाळी) जुनेच, 600 अँपिअरचे. रस्ता चौपदरी आणि पुलावर एकच गाडी. ते सामान यायला पुढे वर्ष गेलं. आता तर मोठा ट्रान्स्फॉर्मर मागवला की काही ठिकाणी तीन-चार वर्षं थांबावं लागतं, कारण त्याच्या गाभ्याचं खास पोलाद बनवणारे कारखाने जगात मोजके.

म्हणजे नव्या लाइनी नकोतच असं माझं म्हणणं नाही. लागणार आहेत, आणि खूप लागणार आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2023 मध्ये हिशेब मांडला होता: 2040 पर्यंत जगाला सुमारे 8 कोटी किलोमीटर तारा नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील, म्हणजे आज जगात जेवढ्या आहेत जवळपास तेवढ्याच. त्याच अहवालात असं होतं की जोडणीच्या रांगेत 3,000 गिगावॉटचे अक्षय ऊर्जेचे प्रकल्प उभे आहेत, त्यातले 1,500 गिगावॉट तर अगदी तयारीच्या टप्प्यावर. पॅनेल आहेत, पैसा आहे, ऊन आहे; फक्त तार नाही. सौर प्रकल्प एक ते पाच वर्षांत उभा राहतो, लाइनला पाच ते पंधरा लागतात. वऱ्हाड दारात आलं की मग मांडवाच्या वाशांची चौकशी सुरू करायची, असा हा कारभार.

उलट क्रमाने केलं तर काय होतं, त्याचं उत्तर पुन्हा टेक्सासमध्येच आहे. तिथल्या सरकारने 2005 मध्ये कायदा केला, पश्चिमेकडचे वाऱ्याचे पट्टे ठरवले आणि पवनचक्क्या उभ्या राहण्याची वाट न बघता आधी लाइनी टाकल्या. 2013 च्या अखेरीपर्यंत सुमारे 5,800 किलोमीटर, साधारण 18,500 मेगावॉटसाठी. खर्च जवळपास 700 कोटी डॉलर, तो राज्याच्या ग्रिडवरच्या, म्हणजे विजेच्या जाळ्यावरच्या, सगळ्या ग्राहकांवर वाटला. तेव्हा ‘रिकाम्या माळरानाला जाणारे हायवे’ म्हणून टीका करणारे कमी नसतील. पण पवनचक्क्या आल्या, इतक्या आल्या की काही वर्षांतच त्या तारा पुन्हा भरल्या. तेलाच्या राज्याने हे करावं याची मला गंमत वाटते.

जर्मनीचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. उत्तरेची पवनवीज दक्षिणेच्या कारखान्यांकडे नेणारी ज्यूटलिंक ही सुमारे 700 किलोमीटरची लाइन 2022 मध्ये चालू व्हायची होती. गावोगावी विरोध झाला, 2015 मध्ये केबल जमिनीखालून न्यायचं ठरलं, आणि आता 2028 ची भाषा चालू आहे. विरोध करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्याच्या शेतात मनोऱ्याचे चार पाय येतात त्याला एकदाच मोबदला मिळतो आणि मनोरा कायमचा राहतो. निदान दरवर्षी भाडं द्या, मग बोला.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी उचलली ती. कुठे अंधार झाला की मथळे येतात, ‘सौरऊर्जेने ग्रिड पाडलं’. हे वाचून माझा तोल जातो. ग्रिड पडतं तेव्हा बहुधा कुठेतरी एक सेटिंग चुकलेलं असतं, किंवा जुन्या काळासाठी बरोबर असलेलं सेटिंग नव्या काळात तसंच राहिलेलं असतं.

28 सप्टेंबर 2016 ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने मनोरे पाडले आणि संपूर्ण राज्य अंधारात गेलं. लगेच पवनचक्क्यांवर खापर. प्रत्यक्षात झालं असं की लाइनींवर फॉल्ट (शॉर्ट सर्किटसारखा बिघाड) येऊन व्होल्टेज थोड्या वेळात अनेकदा खाली आलं. काही पवनचक्क्यांच्या नियंत्रणात असं ठरवून दिलेलं होतं की ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा व्होल्टेज पडलं तर यंत्राने स्वतःला बाजूला काढायचं. सात सेकंदांच्या आत 456 मेगावॉट गायब झाले, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाइनवर सगळा भार आला आणि तीही तुटली. ग्रिड चालवणाऱ्यांना हे सेटिंग तोवर माहीतच नव्हतं. नंतर ते बदललं. एक आकडा बदलला, पवनचक्क्या त्याच राहिल्या.

आता ज्यात पवन नव्हता की सौर नव्हतं, असं उदाहरण घ्या. जुलै 2012 च्या 30 आणि 31 तारखेला भारतात लागोपाठ दोनदा ग्रिड कोसळलं; दुसऱ्या दिवशी 60 कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली. दोन्ही वेळा सुरुवातीला बीना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाइन सुटली, तिचं दुसरं सर्किट कामासाठी बंद होतं. लाइनवर फॉल्ट नव्हता. लोड इतका वाढला होता की लाइन राखणाऱ्या डिस्टन्स रिले या यंत्राच्या तिसऱ्या झोनला, म्हणजे सगळ्यात लांबवर बघणाऱ्या भागाला, तो लांबचा फॉल्ट वाटला आणि त्याने ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, उघडून लाइन तोडली. रिलेने त्याला शिकवलं होतं तेच केलं. ज्यांनी या खुर्चीत रात्री काढल्या आहेत त्यांना ते वाचताना पोटात गोळा आला असेल. माझ्या तरी आला होता.

आणि 28 एप्रिल 2025, दुपारी 12.33, स्पेन आणि पोर्तुगाल. तिथे व्होल्टेज पडलं नाही, चढत गेलं, आणि चढलेल्या व्होल्टेजने एकामागून एक केंद्रं सुटत गेली. स्पेन सरकारच्या अहवालाचा निष्कर्ष असा की व्होल्टेज आवरण्याची पुरेशी क्षमता त्या वेळी यंत्रणेत नव्हती. ज्या औष्णिक केंद्रांनी ते आवरायचं त्यांच्याकडून पुरेसं झालं नाही आणि सौर प्रकल्पांना तर ते करण्याची मुभाच नियमांत नव्हती. सौर प्रकल्पांतली इन्व्हर्टर यंत्रं (पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणारी) व्होल्टेज सांभाळू शकतात. त्यांना तसं सांगावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, इतकंच.

एक खरी उणीव मात्र सौरऊर्जेत आहे, ती झाकू नये. जुन्या केंद्रातला शेकडो टनांचा रोटर मिनिटाला 3,000 फेरे घेत असतो. ग्रिडला धक्का बसला की त्याच्या फिरण्यातली ऊर्जा पहिले काही सेकंद फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) धरून ठेवते आणि गव्हर्नरला, म्हणजे यंत्राचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाला, हालचाल करायला उसंत मिळते. पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. म्हणून 2021 पर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियाने चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले: इंधन नाही, बॉयलर नाही, ग्रिडबरोबर नुसतं फिरणारं यंत्र, सोबत जड चक्र. दुसरीकडे मोठ्या बॅटऱ्या तेच काम इलेक्ट्रॉनिक्सने करायला शिकत आहेत. बंद पडणाऱ्या कोळसा केंद्रातला जनरेटर भंगारात न काढता असा फिरता ठेवता आला तर मला कोण आनंद होईल.

साठवणीबद्दल थोडक्यात. दुपारची वीज संध्याकाळी नेण्यासाठी बॅटरी हवीच. कॅलिफोर्नियात 2024 मध्ये बॅटऱ्यांची क्षमता 10,000 मेगावॉटच्या पुढे गेली आणि दिवेलागणीला त्या हातभार लावतात. पण सगळ्यात स्वस्त साठवण म्हणजे काम दुपारी उरकून घेणं. फ्रान्समध्ये कित्येक दशकं घरोघरचे पाणी तापवायचे बंब रात्री लागतात. विजेच्या तारेतूनच 175 हर्ट्झचा संकेत जायचा आणि त्यावर बंब चालू व्हायचे. अणुवीज रात्री उरायची म्हणून ती सोय. आता दुपारी सौरवीज उरू लागली, तर नोव्हेंबर 2025 पासून स्वस्त दराचे तास हळूहळू दुपारकडे सरकवायला त्यांनी सुरुवात केली. यंत्रणा जुनी, घड्याळ नवं. स्मार्ट मीटरला विरोध करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, कारण मीटर बसवून दर सकाळ-दुपार-रात्र एकच ठेवणार असाल तर तो मीटर नुसता महागडा डबा आहे.

राहता राहिला पैसा. ज्याला ऐपत आहे तो छतावर पॅनेल लावतो, घरात बॅटरी ठेवतो आणि ग्रिडकडून मोजके युनिट घेतो. युनिटमागे तारांचा खर्च वसूल होत असेल, तर त्याच्या वाट्याचा खर्च स्वतःचं छत नसलेल्या भाडेकरूच्या बिलात सरकतो. पण ढगाळ आठवड्यात तोच पॅनेलवाला पूर्ण भार घेऊन त्याच तारेवर येतो. म्हणून तारेचं भाडं त्याने एका वेळी जास्तीत जास्त मागितलेल्या किलोवॉटवर असावं, वापरलेल्या युनिटवर नव्हे, असं माझं मत झालं आहे. लहान घरांना त्यात वेगळी सवलत द्या. माझ्या मुलाच्या छतावर पॅनेल आहेत आणि त्याला हे मत अजिबात पटत नाही. जेवताना आम्ही हा विषय टाळतो.

आता मागणी, आणि ती आपल्याकडे आहे. अमुक मेगावॉटच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं अशी बातमी छापाल तेव्हा आपल्या वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत. ही वीज कोणत्या उपकेंद्रात येणार? तिथली लाइन आणि ट्रान्स्फॉर्मर कोणत्या तारखेला तयार होणार? आणि अशाच जुन्या प्रकल्पांना गेल्या वर्षात किती युनिट कमी करायला लावले? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा ‘आकडा उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. तो आकडा असतो. प्रत्येक उपकेंद्राच्या लॉगशीटमध्ये, तासासह, कोणीतरी रात्री जागून लिहिलेला असतो.

आपला,
एक निवृत्त उपकेंद्र ऑपरेटर